वाचनात मागं पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या बाई-गुरुजी कुणाला आठवतात का?

माणदेशी_शिक्षिका
मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, चौथीचा वर्ग. त्यातल्या चौघांना सुटी अक्षरं येतात, पण शब्द जुळत नाही. 'म... ळा...' म्हणतात आणि चित्र बघून 'शेत' सांगतात. फळ्यावरचं सुरेख उतरवून घेतात. कविता पाठ असल्यामुळे पुस्तक धरून म्हणाले, की नवख्या माणसाला वाटावं वाचतायत. बाराखडी घोटून झाली आहे. तुमच्यापैकी कुणी असं मूल होतं का? कुणी शिकवलं? ते बाई किंवा गुरुजी नेमकं काय करायचे, ते सांगा.

ओढ्याकाठचा
मी होतो. तिसरी संपत आली तरी मला धडा वाचता येत नव्हता. फलटण तालुक्यातल्या आमच्या वाडीवर एक बाई बदलून आल्या. आता त्या नाहीत. नाव इथं टाकत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

सुरुवातीला त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. परिपाठाआधी आम्हा काही जणांना व्हरांड्यात बसवायच्या आणि विचारायच्या, "काल घरी काय झालं?" मी म्हणालो, "आमची म्हस व्याली, रेडी झालीया." बाईंनी कागदाच्या पट्टीवर अगदी तसंच लिहिलं, 'म्हस' आणि 'झालीया'सकट. तोवर 'म्हैस म्हण' एवढंच ऐकत आलो होतो. बोट ठेवून त्यांनी वाचून दाखवलं, माझ्याकडून वाचून घेतलं, मग कात्रीनं शब्द सुटे केले आणि विस्कटून माझ्यापुढं ठेवले. "लाव बघू." वाक्य माझंच, त्यामुळे कशानंतर काय यायला हवं ते मला माहीत होतं. 'रेडी' हा मी खरोखर ओळखून वाचलेला पहिला शब्द.

अक्षरं त्यांनी पुस्तकाच्या क्रमानं घेतली नाहीत. म, ळ, क, ब, र आणि काना, बस. एवढ्यातच मळा, काळा, बाळ, बरा, काका, मामा तयार होतात. ती सरावाची झाल्याशिवाय पुढची पाच मिळायची नाहीत. दीर्घ वेलांटी आधी, ऱ्हस्व पुष्कळ नंतर, कारण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारायची मात्र नंतर. आमच्यासारख्यांचा घोटाळा तिथंच व्हायचा. 'घ' आणि 'ध' कधी एका दिवशी शिकवले नाहीत, 'भ' आणि 'म'ही नाहीत. ताटात रांगोळी पसरून बोटानं गिरवायचं आणि गिरवताना तोंडानं आवाज काढायचा. मुक्यानं गिरवलं तर पुन्हा.

आणि वर्गापुढं उभं करून वाचायला लावलं नाही. मला ते सगळ्यात जास्त भिडलं. आम्ही व्हरांड्यात काय करतो हे बाकीच्यांनी विचारलं, तर सांगायच्या, "आमचं काम चाललंय."

त्यांच्याकडे शंभर पानी वही असायची. कोण कुठल्या अक्षराला अडतो, ते त्यात रोज लिहायच्या. माझ्या पानावर बरेच दिवस फक्त 'ध' होता. आमच्यातल्या एकाला फळाच दिसत नव्हता, हेही त्यांनाच कळलं. त्याला स्वतः ग्रामीण रुग्णालयात नेऊन चष्मा मिळवून दिला.

नीरा_खोरे
फलटण म्हटल्यावर मॅक्सिन मावशींचा उल्लेख व्हायलाच हवा. मॅक्सिन बर्नसन मूळच्या अमेरिकन. १९६०च्या दशकात फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि इथंच राहिल्या. पुढे भारताचं नागरिकत्वही घेतलं. मंगळवार पेठेतल्या, शाळेपासून तुटलेल्या दलित मुलांना वाचायला शिकवण्यापासून त्यांचं काम सुरू झालं. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. बोलीचा अभ्यास केलेली बाई मुलाच्या घरच्या भाषेला अशुद्ध म्हणत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ओढ्याकाठचा, तुमच्या बाईंचा त्यांच्याशी काही संबंध होता का?

ओढ्याकाठचा
बाई तालुक्याला प्रशिक्षणांना जायच्या, एवढंच मला माहीत आहे. कुठून काय घेतलं ते कधी बोलल्या नाहीत. पण पट्टीवर 'झालीया' लिहिणारा शिक्षक आपोआप तयार होत नाही, हे खरं.

शीवची_आई
एक भर घालते. माझ्या मुलीला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचन-लेखन जड जाणारी अध्ययन अक्षमता. बोलण्यात चुणचुणीत, हिशोब तोंडी करायची, पण वाचन अडलेलं. वर्षभर नेटानं शिकवूनही एखादं मूल तिथंच राहिलं, तर तपासणी करून घ्या. आमची मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ मिळतो. मूल आळशी आहे, हे ऐकून ऐकून घरचेही ते खरं धरायला लागतात. आमच्याकडे तेच चाललं होतं.

माणदेशी_शिक्षिका
पट्ट्या उद्याच करते. पण कविता पाठ असलेल्या दोघांचं काय करू? पट्टीवरचं वाक्यही ते पाठच करतील.

ओढ्याकाठचा
करतील, मीही करायचो. बाई ते करू द्यायच्या. मग मधूनच विचारायच्या, "यात 'पाऊस' कुठाय? बोट ठेव." सुरुवातीपासून म्हणत म्हणत बोट सरकवत तिथवर जायचं. शब्दागणिक बोट उचललं नाही, तर चुकीच्या ठिकाणी पोचतो, ते आपलं आपल्यालाच कळतं. ते जमलं, की शेवटच्या ओळीतला शब्द विचारायच्या, नंतर त्याच शब्दाचं पहिलं अक्षर बदलून पाटीवर. 'मळा'चा 'गळा', 'गळा'चा 'शाळा'. पाठ केलेलं तिथं उपयोगी पडत नाही, अक्षराकडे बघावंच लागतं. चौघांना एकदम घेऊ नका, दोघा-दोघांना घ्या, पण रोज.