वर्षभर कपडेखरेदी बंद: नेम चारचौघांत सांगायचा की मनातच ठेवायचा? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

सुईदोरा

पाडवा ते पाडवा एकही नवा कपडा घ्यायचा नाही, असा नेम पुष्कळ जण धरतात आणि पहिल्याच लग्नसराईत तो मोडतो. दोष निश्चयाचा नसतो. आपल्याकडे कपडा ही नुसती खरेदी नाही, तो देण्याघेण्याचा व्यवहार आहे: आहेर, ओटी, भाऊबीज, गौरीची साडी, संक्रांतीचं काळं. एकट्याने हा नेम पाळणं म्हणजे साऱ्या गोतावळ्याशी एकट्याने झुंजणं. म्हणून आधी सोबत जमवा.

तीन माणसं पुरतात. एक घरातलं वडीलधारं, जे आहेराच्या वेळी तुमच्या बाजूने बोलेल. एक मित्र किंवा मैत्रीण: काही घ्यावंसं वाटलं की तिला फोटो पाठवायचा आणि तीन दिवस थांबायचं. त्या तीन दिवसांत तिने एकच प्रश्न विचारायचा, 'याच्यासारखं कपाटात काय आहे?' उपदेश नको. तिसरा तुमचा शिंपी.

या तिघांना नियम लेखी द्या. अंतर्वस्त्रं आणि मोजे चालतील का, चपला कपड्यांत धरायच्या का, भेट आलेला कपडा मोजायचा का, आधीच घरात असलेलं कापड शिवून घेतलं तर चालेल का. वाढत्या वयाच्या मुलांचे कपडे सरळ वगळा. सवलती आधी लिहिल्या नाहीत तर त्या दुकानात उभं राहून सुचतात.

उंबरठा

सोबत हवी, पण जाहीर करण्याला माझा ठाम विरोध आहे. सांगितलं की पहिला प्रश्न येतो, 'पैशाची काही अडचण आहे का?' मग जो तो आग्रह करतो, आणि प्रेमाने केलेला आग्रह मोडणं दुकानाची पायरी न चढण्यापेक्षा कठीण. मावशीने काठापदराची साडी पुढे केली आणि तुम्ही हात मागे घेतलात, तर तिला तुमचा नेम दिसत नाही, अपमान दिसतो. घ्या, नमस्कार करा, घडी न मोडता ठेवा. नेम आपल्या पाकिटाचा आहे, दुसऱ्याच्या हाताचा नाही.

खरी गळती मोबाइलमधून होते, आणि तिथे कुणाच्याही पाठबळाची गरज नाही. खरेदीची ॲप काढा, साठवलेलं कार्ड आणि पत्ता पुसा, सेलचे मेसेज बंद करा. मग कपाटातले सगळे हँगर उलट्या तोंडाने लावा. जो कपडा वापराल तो परत ठेवताना सुलटा. तीन महिन्यांनी जे उलटेच राहिले, ते आहेत हेच तुम्ही विसरला होतात. नव्या कपड्याची हौस आधी त्यांच्यावर भागवा.

फॉलपिको

तुम्ही दोघेही मनाबद्दल बोलताय. नेम बऱ्याचदा कापडामुळे मोडतो. सहाव्या-सातव्या महिन्यात रोजच्या दोन पँटी मांड्यांमध्ये विरतात, ब्लाउज दंडात बसेनासा होतो, आणि मग 'आता इलाजच नाही' म्हणून दुकान. म्हणून सुईदोरांच्या यादीतला तिसरा माणूस मी पहिला धरेन.

जीन्स धुतल्यावर मांडीचा भाग उजेडासमोर धरा. निळे उभे धागे झिजून आडवे पांढरे दिसायला लागले की त्याच आठवड्यात शिंप्याकडे न्या. आतून जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा, विरलेल्या भागाच्या चहूबाजूंनी दोन बोटं जास्त, आणि वरून दाट, मागेपुढे टीप. भोक पडेपर्यंत थांबलात तर कडेच्या कापडातच जीव उरलेला नसतो. टीप त्याला धरते आणि शेजारीच नवी फाट जाते.

ब्लाउजची बाजू उलटून आतला दाब, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, बघा. शिंप्याने इंचभर सोडला असेल तर उसवून सैल होतो. रेडिमेडमध्ये दाब फार कमी असतो, तिथे काखेत कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, घालावी लागते. चेन बिघडली की अख्खी बदलायची घाई नको. दात शाबूत असतील तर नुसता रनर, म्हणजे चेनचा सरकता भाग, बदलून काम होतं. जुन्या साडीला नवा फॉल लावताना सुती फॉल आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच लावायला द्या. तसाच लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि खालच्या काठाला चुण्या पडतात.

ही कामं आषाढात उरका. तेव्हा मुहूर्त विरळ असतात. गणपती झाले की शिंप्यांकडे दिवाळीची शिवण साठते आणि तुमची डागडुजी तळाशी जाते.

उभाआडवा

मला 'एकही नाही' हाच आकडा खटकतो. घाऊक कपडे ओतणाऱ्या कारखान्याला तुमच्या वर्षाने काही होणार नाही, पण येवल्यात मागावर बसलेल्याला एक गेलेलं गिऱ्हाईकही जाणवतं. नेमात हातमागाचा एक कपडा राखून ठेवा. मात्र तो ओळखता यायला हवा: हातविणीच्या पैठणीचा पदर उलटून बघा, नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या नकलेत मागे धागे सुटलेले किंवा कापलेले असतात.

सुईदोरा

उभाआडवा, विणकराची काळजी मलाही आहे, पण सवलत मधेच ठेवली की 'हातमागाचंच आहे' म्हणत चार कुर्ते येतात. त्यापेक्षा दर महिन्याला वाचलेले पैसे आवर्ती ठेवीत टाका आणि वर्ष संपताना थेट विणकराकडे एक साडी सांगा. विणायला वेळ लागतोच, त्यामुळे आगाऊ रक्कम देऊन सांगितलेलं काम त्याला जास्त उपयोगाचं.

उंबरठा, हातात आलेली साडी परत करू नये हे पटलं, नियमात तशी दुरुस्ती करावी. पण ती येण्याआधी सांगण्यात अपमान कुठला? लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापतो, ते कुणाला लागत नाही. समारंभाच्या महिनाभर आधी त्या वडीलधाऱ्यांकरवी निरोप जावा: 'यंदा साडी नको, खण-नारळाने ओटी भरा.' ओटी भरली जाते, मान राहतो.

उंबरठा

खण-नारळाचं मान्य. पण निरोप जवळच्या चार घरांपुरताच, सगळ्या गोतात नको. यावर मी कायम आहे.

समारंभासाठी बहिणी-जावांत साड्यांची अदलाबदल करा, तिथे मात्र जाहीर बोलावंच लागतं. अडचण नेहमी ब्लाउजची येते. आपल्या मापाचे एक काळा आणि एक साधा सोनेरी, असे दोन ठेवले की मागून आणलेल्या बहुतेक साड्या निभावतात. जरीवर अत्तर किंवा स्प्रे मारू नका, ती काळी पडते. परत करण्याआधी साडी रात्रभर सावलीत वाऱ्यावर टाका, घडी आधीच्यापेक्षा वेगळ्या जागी घाला, आणि फॉल कुठे उसवला असेल तर स्वतः टाचूनच द्या.