रोमन भांड्यांवरची शिकार खरी की नुसती नक्षी?

खापरखुळा
म्युझियममधे रोमन काळातली लाल चकचकीत वाडगी असतात ना, टेरा सिगिलाटा, ब्रिटनमधे ज्याला सेमियन म्हणतात, त्यावर कुत्रे धावतायत, हरणं पळतायत, एखादा भालेवाला उभा, आणि शेजारी पाटी की बघा, यांना शिकारीची केवढी आवड होती. ही पाटी माझ्या डोक्यात जाते. अहो ती चित्रं साच्यातली आहेत. सिंहाचा एक ठसा, कुत्र्याचा एक, सशाचा एक, असे ओल्या साच्यात आतून दाबायचे, साचा भाजायचा, मग तो चाकावर ठेवून त्यात वाडगा घडवायचा. ठसे वर्षानुवर्षं चालायचे आणि एका कारखान्यातून दुसऱ्यात जायचे, फेलिक्स ऑस्वाल्डने १९३० च्या दशकात त्यांची मोठी सूचीच छापली. आता मध्य फ्रान्समधलं लेझू हे भांडी करणारं गाव घ्या, दुसऱ्या शतकातला तिथला कुंभार सिन्नामस, नक्षीच्या मधोमध स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात टाकणारा. त्याच्या शिकारीत सिंह आहेत. फ्रान्सच्या रानात सिंह आले कुठून? डिझाइन खपत होतं म्हणून काढत राहिले, बास.

रानवाट
सिंह आखाड्यातले, हे सांगायला हवं का? आफ्रिकेतून जनावरं आणायची आणि हजारो लोकांसमोर मारायची, हीपण शिकारच होती त्यांच्या लेखी. कलोसियमच्या उद्घाटनाला ९ हजार जनावरं मारली असं रोमन इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो, आकडा फुगवलेला धरला तरी निम्मी तर असतील. गॉलमधे, म्हणजे तेव्हाच्या फ्रान्समधेही असे गोल आखाडे, अँफिथिएटरं होती. म्हणजे विकत घेणाऱ्याला सिंह माहीत होता.

खापरखुळा
मग तो खेळ बघणारा प्रेक्षक झाला, शिकारी कुठे झाला? आणि घेणाऱ्याला चॉइस किती होता तेही बघा की. पॉम्पेईत १८८१ साली खोक्यातला माल सापडला, गॉलहून आलेली ९० नक्षीदार वाडगी, वापरात यायच्या आधीच ज्वालामुखीने गाडलेली. दुकानात जे आलं ते लोकांनी घेतलं. अहो पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला १९४५ मधे पुरातत्त्वज्ञ व्हीलरने खणलं तेव्हा इटलीतल्या अरेत्झोच्या लाल भांड्यांचे तुकडे निघाले आणि त्यावरून त्याने तिथली कालगणना बसवली. एवढ्या लांब जाणाऱ्या मालावरचं चित्र वापरणाऱ्याच्या आयुष्याबद्दल काय डोंबल सांगणार?

चिखलमाती
तुमचं सगळं साच्यावर उभं आहे. पण साचा नसलेली भांडी सोयीस्कर बाजूला ठेवलीत. इंग्लंडमधे पीटरबरोजवळ नेन नदीचं खोरं, ड्युरोब्रिव्ही नावाचं रोमन गाव, तिथले गडद रंगाचे पेले, हंट कप म्हणतात ते. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे तिसऱ्या शतकात चाललेलं काम. त्यावर दाट ओली माती मेंदीच्या कोनासारखी पिळून कुत्रा काढलाय, लांब अंगाचा, पाय ताणलेला, पुढे ससा नाहीतर हरीण, मधे वेलबुट्टी. दरवेळी हातानेच काढायचं, म्हणजे दोन कुत्रे तंतोतंत सारखे निघूच शकत नाहीत. आणि तिथे मुख्यतः ससे आणि हरणं आहेत, तिथल्या रानातलीच जनावरं. ब्रिटनमधून शिकारी कुत्रे बाहेर जायचे हे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय. ज्या मुलखाचे कुत्रे प्रसिद्ध, त्या मुलखाचा कुंभार पेल्यावर कुत्रा काढतो, यात नुसती नक्षी कुठून आली?

खापरखुळा
जर्मनीतल्या कोलोनच्या कुंभारांनीही असेच पेले केलेत, तसाच धावता कुत्रा, तसाच ससा. मग तेही तिथल्या रानातलं धरायचं का? हाताने काढलं म्हणजे डोळ्यांनी बघून काढलं असं होत नाही, हाताला वळण पडलेलं असतं. आणि हाडांचं बोला ना. रोमन ब्रिटनमधल्या वस्त्यांवर उत्खननात हाडं निघतात ती मुख्यतः गाय, मेंढी, डुकराची, हरीण आणि सशाचा वाटा किरकोळ. पेल्यावर रोज शिकार आणि उकिरड्यात सशाचं हाड शोधावं लागतं!

चिखलमाती
शिकार म्हणजे पोटासाठीच हे कुणी ठरवलं? सीझर लिहितो की ब्रिटन लोक ससा खाणं निषिद्ध मानतात पण हौसेने पाळतात. तो या पेल्यांच्या दोनेकशे वर्षं आधीचा, मान्य, पण हाडांची मोजदाद खाण्याबद्दल सांगते, हौशीबद्दल नाही. उलट जी गोष्ट थोड्या श्रीमंतांनाच जमते तीच बाकीच्यांना पेल्यावर हवी असते.

गोलगोल
तुम्ही दोघं भांडं टेबलावर ठेवून भांडताय, जरा हातात धरा की. पेला गोल आहे, कुत्रा सशामागे, तो ससा पुढच्या कुत्र्यामागे, फिरवत गेलं की कोण कुणाला पळवतंय तेच कळत नाही आणि शिकार कधी संपतच नाही. दारू पिताना हातात फिरवायची गंमत आहे ती. मला तर वाटतं गोल पट्टी भरायला धावत्या जनावरापेक्षा सोयीचं काही नाही, म्हणून कुंभारांनी ते सोडलं नाही. सेमियनच्या अर्धगोल वाडग्यावरही तेच, ज्यांच्या आकाराला पुरातत्त्ववाले ड्रॅगेनडॉर्फ ३७ असा नंबर देतात.

रानवाट
हे आवडलं, पण यात खापरखुळा जिंकतात.

चिखलमाती
मुळीच नाही. इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरचा घडा बघा, साधारण १७५ सालचा, १८५३ मधे थडग्यात सापडलेला, आत जाळलेल्या माणसाची हाडं. त्यावर ग्लॅडिएटर मेम्नॉन आणि व्हॅलेंटिनस, अस्वलाशी झुंजणारे सेकुंडस आणि मारियो, आणि त्याच घड्यावर हरणं-सशामागे धावणारा कुत्रा. नावं भाजण्याआधी ओल्या मातीत कोरलीत असं अलीकडच्या तपासणीत दिसलं आणि मातीही तिथलीच निघाली. म्हणजे सांगून करवून घेतलेला घडा. स्वतःच्या ऑर्डरीत माणूस शिकार उगाच घालून घेईल?

खापरखुळा
नावं चौघांची कोरली ना? मेम्नॉनच्या तर ९ जिंकलेल्या लढतीही मोजून लिहिल्यात. कुत्र्याच्या डोक्यावर एक अक्षर नाही. ज्याच्यासाठी पैसे मोजले त्याला नाव, उरलेल्या पट्टीत नेहमीचा कुत्रा.

चिखलमाती
सेकुंडस-मारियोसमोरच्या अस्वलालाही नाव नाही, मग तेही पट्टी भरायला का?