मदत हवी आहे: बी-टू-सीमध्ये (नोंदणी नसलेल्या ग्राहकांच्या विक्रीत) गेलेल्या बिलाचं जीएसटी क्रेडिट (खरेदीवर दिलेला कर आपल्या करातून वळता करणं) कसं सोडवायचं?

२०१७ साली राहुल गांधींनी जीएसटीला ‘गब्बर सिंग टॅक्स’ म्हटलं. छोट्या व्यापाऱ्याला रिटर्न भरण्यातच गुंतवलंय, ही तेव्हाच्या विरोधकांची तक्रार होती. जीएसटीआर-२ आणि ३ हे रिटर्न पुढे गुंडाळले गेले, पण १ जानेवारी २०२२ पासून जीएसटी कायद्यात कलम १६(२)(एए) आलं (विक्रेत्याने बिल नीट दाखवलं तरच खरेदीदाराला क्रेडिट) आणि विक्रेत्याच्या चुकीचा भुर्दंड खरेदीदारावर पडू लागला. माझ्या मते ती टीका आज जास्त लागू पडते.

आता अडचण. माझं ऑगस्ट २०२५ चं खरेदीचं बिल, १ लाख अधिक १८,००० कर. पैसे चुकते केलेत. विक्रेता क्यूआरएमपीत (तिमाही रिटर्नच्या योजनेत) आहे आणि त्याने हे बिल बी-टू-सीमध्ये दाखवलं, त्यामुळे माझ्या २बी मध्ये (खरेदीदाराला मिळू शकणाऱ्या क्रेडिटच्या पोर्टलवरील यादीत) ते येतच नाही. क्रेडिटची मुदत ३० नोव्हेंबर २०२६, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरला तर तोपर्यंतच.

विक्रेत्याने जुलै-सप्टेंबर २०२६ च्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) तक्ता १० मधून (आधीच्या बी-टू-सी विक्रीची दुरुस्ती) रक्कम कमी करून तक्ता ४ मध्ये (नोंदणीकृत खरेदीदारांची बिलं) मूळ तारखेने बिल घालणं, हा सरळ मार्ग. तो रिटर्न चुकला तर ऑक्टोबरच्या आयएफएफमध्ये (तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत बिलं टाकण्याची ऐच्छिक सोय) बिल टाकता येईल, पण आयएफएफमध्ये तक्ता १० नाही. जानेवारीत, ऑक्टोबर-डिसेंबरच्या रिटर्नमध्ये, बी-टू-सीतली रक्कम वजा करायला जावं तर दुरुस्तीची मुदत संपलेली. म्हणजे विक्रेत्याला कर दोनदा?

असं प्रकरण कुणी आयएफएफमधून निस्तरलंय का? वजावट कशी दाखवली? पोर्टलने कुठे अडवलं, तेही कृपया लिहा.