मदत हवी आहे: शाकाहारी आईला हॉट पॉटला न्यायचं आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही टोरांटोत राहतो. मुलाच्या वर्गमित्राचे आईवडील मूळचे चीनमधल्या चोंगछिंगचे. त्यांनी येत्या शनिवारी आम्हा सगळ्यांना शेजारच्या मार्कमला हॉट पॉटला, म्हणजे टेबलावरच रश्शात शिजवून खायच्या चिनी जेवणाला, बोलावलंय. माणशी ठरावीक पैसे, हवं तेवढं खा, दोन तासांत उठा, असा प्रकार. सध्या सांगलीहून आई-बाबा आलेत, त्यांनाही आग्रहाचं आमंत्रण आहे. बाबा मटण-मासे खातात, पण गाय-डुक्कर नाही. आई अंडंही खात नाही. मी स्वतः सगळंच खातो, त्यामुळे कशात काय असतं याची चौकशी करायची वेळच कधी आली नाही.

अडचण अशी की टेबलाच्या मधोमध एकच भांडं उकळत असतं आणि सगळे त्यातच शिजवून घेतात. भांड्यात मध्ये पडदी असते, एका बाजूला लाल रस्सा, दुसऱ्या बाजूला पांढरा. तो पांढरा तरी शाकाहारी असतो का? बाबा म्हणतात, "तिखटाचं आम्हाला काय सांगता!" त्यांना लाल चालेल ना? शिवाय ताटात उरलं तर वेगळा आकार लावतात म्हणे. आणि मुख्य म्हणजे यजमानांना वाईट न वाटता हे सगळं सांगायचं कसं?

रस्सावाला
पांढरा म्हणजे शाकाहारी हे आधी डोक्यातून काढा. तो बहुतेक वेळा डुकराच्या नाहीतर कोंबडीच्या हाडांचा असतो. टोमॅटोचा किंवा मशरूमचा घेतलात तरी खाली तेच पाणी असू शकतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. लाल तर बाबांनाही चालणार नाही, कारण चोंगछिंगच्या अस्सल लाल रश्शाचा तवंग गाईच्या चरबीचा असतो. वनस्पती तेलातलाही मिळतो, त्याला 'छिंगयौ' म्हणतात. यजमानांना हा शब्द सांगा, ते लगेच समजतील.

आईंसाठी सरळ साधं पाणी मागा, त्यात आलं, कांद्याची पात, मशरूम. यात लाजण्यासारखं काही नाही. बीजिंगकडे तांब्याच्या भांड्यात मटणाचे कागदासारखे काप असेच जवळजवळ नुसत्या पाण्यात शिजवतात आणि तिळाच्या दाट चटणीत बुडवून खातात. बाबांचंही काम तशाच पाण्यात होईल. मात्र आईंचं भांडं वेगळंच हवं. पडदी असली तरी उकळी आली की इकडचं तिकडे उडतं, आणि झारे तर सगळीकडे फिरतात. बऱ्याच ठिकाणी माणशी छोटं भांडं मिळतं, आधी फोन करून विचारा.

कोकणकन्या७
बाबांच्या तिखटाबद्दल: तिथे मिरचीपेक्षा त्रास देतो तो सिचुआन मिरीचा दाणा. आपण बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालतो ना, त्याच्याच भावकीतला. दाताखाली आला की जीभ-ओठ बधिर होतात आणि पुढची पाच मिनिटं पाणीसुद्धा विचित्र लागतं. पालेभाजी लाल रश्शात टाकू नका, सगळं तेल पिऊन बसते.

आईंसाठी कमळकाकडी, रताळ्याच्या शेवया, टोफूचे पापुद्रे आणि गोठवलेला टोफू मागवा. गोठवलेल्याला जाळी पडते, त्यामुळे रस छान धरतो. 'फिश टोफू' मात्र दिसायला टोफू, आत मासळी! चटण्यांच्या टेबलावर ऑयस्टर सॉस आणि शाचा सॉस टाळा, शाचात सुकी कोळंबी असते. तिळाचं तेल, ठेचलेला लसूण, कोथिंबीर आणि काळं व्हिनेगर एवढ्यावर उत्तम भागतं.

उरण्याचं म्हणाल तर आपली माणसं पहिल्याच फेरीत ढीग मागवतात. थोडं थोडं मागवा, ताटल्या पटापट येतात. आणि कच्च्या मांसाला लावलेल्या जेवायच्या काड्या (चॉपस्टिक) तोंडात घालायच्या नाहीत, हे मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही सांगा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! फोन केला, छोटी भांडी आहेत. यजमानबाईंना मेसेज केला तर त्यांनी उलट विचारलं, "आईंना मशरूम कुठले आवडतात?" आता एकच राहिलं. बिल तेच देणार म्हणताहेत, मग आम्ही काय न्यावं? चिनी लोकांत घड्याळ भेट देत नाहीत एवढं ऐकून आहे. फळांची पेटी चालेल, की घरी केलेल्या करंज्या न्याव्यात?