शाफ्टच्या ग्लँडमधून पाणी: पॅकिंग बदलू की सील?

प्रश्न: ट्रॉलर, प्रोपेलरचा ५० मिमी स्टीलचा शाफ्ट. नट आवळला की ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारा भाग) तापतो, सैल केला की पाणी वाहतं. पॅकिंगऐवजी मेकॅनिकल सील (एकमेकांना टेकलेल्या दोन गुळगुळीत तोंडांनी पाणी अडवणारं) बसवावं का?

उत्तर १: आधी पॅकिंगच (ग्लँडमध्ये शाफ्टभोवती दाबून बसवलेल्या दोरीच्या रिंगा) बदला. जुन्या सगळ्या रिंगा हुकने काढा. वरून एक घुसवणं म्हणजे फसवणूक. पॅकिंगची जाडी अशी काढा: बॉक्सचा (पॅकिंग बसतं त्या पोकळीचा) आतला व्यास ७० असेल तर (७०−५०)/२ = १० मिमी. रिंगा शाफ्टवरच गुंडाळून तिरक्या कापा, सांधे १२० अंशांवर फिरवा. स्टीलच्या शाफ्टला ग्रॅफाइटचं पॅकिंग नको, खाऱ्या पाण्यात शाफ्ट खातं. नट आधी हातानेच. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत, त्यानेच पॅकिंग थंड राहतं.

उत्तर २: शाफ्टवर खाच पडली असेल तर नवं पॅकिंगही टिकणार नाही. कपलिंगची (इंजिनाकडची बाजू आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांमधली) फट बोट पाण्यात असतानाच फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चहूबाजूंनी बघा: १०० मिमी व्यासाला फटीतला फरक ०.१ मिमीच्या आत हवा. नाहीतर सीलही लवकर जाईल.

उत्तर १: अगदी बरोबर. शिवाय खाडीचा गाळ सीलच्या तोंडाला घासतो. सील बसवलंच तर बोट पाण्यात उतरवल्यावर बेलो (सीलचा रबरी घडीदार नळा) मागे ओढून हवा काढा, कोरडं फिरलं तर जळतं.