जुन्या घराच्या सॅश खिडक्या: फक्त तावदाने बदलावीत की चौकटीसकट नव्या घ्याव्यात?

प्रश्न (जुने_घर)

नमस्कार. आमचे घर शंभरी ओलांडलेले आहे आणि त्याला वर-खाली सरकणाऱ्या, म्हणजे सॅश पद्धतीच्या, अकरा लाकडी खिडक्या आहेत. पावसाचा मारा सोसणाऱ्या बाजूच्या चार खिडक्यांच्या तावदानांची, म्हणजे काच धरणाऱ्या सरकत्या लाकडी भागांची, खालची आडवी पट्टी कुजली आहे. दोऱ्या तुटल्यामुळे उघडलेले तावदान काठीचा टेकू देऊन धरावे लागते, आणि उरलेल्यांपैकी काही खिडक्या रंगाच्या थरांनी चिकटून कायमच्या बंद झाल्या आहेत. सगळ्या खिडक्या चौकटीसकट नव्या करण्याइतके पैसे आमच्याकडे नाहीत. प्लास्टिकच्या खिडक्या घराला शोभणार नाहीत, म्हणून लाकडाच्याच हव्या आहेत. एका विक्रेत्याने जुन्या चौकटीच्या आत नवी छोटी चौकट बसवण्याचा स्वस्त पर्याय सुचवला आहे. तो घ्यावा का? लाकूड कोणते मागावे? दुहेरी काच घेण्यात खरोखर अर्थ आहे का?

उत्तर (रंधा)

दरपत्रके मागवण्याआधी एक टोचा घ्या आणि चौकटीचा उंबरा, उभ्या बाजूंचा खालचा वीतभर भाग आणि तावदानांचे कोपरे टोचून पाहा. टोचा एक-दोन मिलिमीटर जाऊन थांबला तर लाकूड शाबूत आहे. सहज आत शिरला तर तेवढा भाग गेला असे समजावे. माझ्या सुतारकामातला अनुभव असा, की चौकट भिंतीच्या आडोशाला असल्याने बहुधा टिकलेली असते आणि कुजते ते तावदान, त्यातही खालची पट्टी, कारण काचेवरून ओघळणारे पाणी तिच्यावरच येऊन थांबते. चौकट शाबूत असताना ती काढून टाकणे म्हणजे भिंतीचा गिलावा, बाहेरची नक्षीपट्टी आणि आतला रंग या सर्वांचा खर्च उगाच ओढवून घेणे होय.

तेव्हा आपल्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जुनी चौकट, जुन्या कप्प्या आणि जुनी वजने (चौकटीच्या बाजूच्या पोकळीत दोरीने लटकून तावदानाचा भार तोलणारी) ठेवून फक्त तावदाने नवी करून घेणे. जिथे केवळ खालची पट्टी गेली आहे तिथे तेवढीच पट्टी नव्या लाकडात करून खाच-कुसवाच्या सांध्याने बसवता येते, आणि मग त्या खिडकीसाठी नवे तावदानही लागत नाही. चिकटलेल्या खिडक्या तर बिघडलेल्या नाहीतच. रंगाची शिवण पातळ पात्याने कापली की त्या बहुधा सुटतात. मात्र इतक्या जुन्या घराच्या रंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते, त्यामुळे कोरडे घासू नये आणि ज्योतीने रंग जाळू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावे आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

मोजमाप घेताना रुंदी वर, मध्ये आणि खाली, तर उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे घ्यावी, आणि मागणी नोंदवताना सर्वांत लहान आकडा धरावा. दोन्ही कर्णही मोजावेत. जुनी घरे बसतात तशा त्यांच्या चौकटी तिरक्या होतात. कर्णांत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बाजूला प्लास्टिकच्या पन्हळी लावून बसवण्याचे तयार संच नीट सरकत नाहीत. अशा चौकटीसाठी तावदान सुताराने तिथल्या तिथे रंधून बसवणेच बरे. उंबऱ्याचा उतारही कोनमापकाने घ्या, कारण तावदानाच्या खालच्या कडेला तोच उतार द्यावा लागतो आणि तो चुकला तर पाण्याला आत यायला फट मिळते.

उत्तर (चौथा_मजला)

चौकटीच्या आत चौकट बसवण्याचा पर्याय मी स्वतः घेतला होता, आणि आज पुन्हा निवड करायची झाल्यास घेणार नाही. नव्या चौकटीची जाडी चारही बाजूंनी उघडीपात शिरते, त्यामुळे काचेचे क्षेत्र घटते; मोठ्या खिडकीत ते फारसे जाणवत नाही, पण माझ्या अरुंद खिडक्यांतून पूर्वीपेक्षा स्पष्टपणे कमी उजेड येऊ लागला. शिवाय जुन्या वजनांच्या पोकळ्या तशाच रिकाम्या राहिल्या आणि तिथून वारा येत राहिला, ही गोष्ट विक्रेत्याने आधी सांगितली नव्हती. त्या पोकळ्या उष्णतारोधक भरून बंद करणे हे त्या कामात गृहीत असायला हवे होते.

माझी दुसरी चूक म्हणजे सगळ्या खिडक्या एकदम मागवल्या. काचेला विभागणाऱ्या बारीक पट्ट्या चित्रात सुबक दिसत होत्या, प्रत्यक्षात त्या काचेवर चिकटवलेल्या सपाट फिती निघाल्या, आणि तिरप्या उन्हात त्यांचे नकलीपण लगेच उघडे पडते. आधी एकच खिडकी मागवा, ती बसवून एक पावसाळी ऋतू जाऊ द्या, मग उरलेल्यांचा विचार करा.

उत्तर (जवस_तेल)

लाकडाविषयी थोडे लिहितो, कारण दरपत्रकात नुसते ‘पाइन’ असे लिहिलेले असते आणि त्यावरून काहीच कळत नाही. जुन्या खिडक्यांचे लाकूड बहुधा सावकाश वाढलेल्या झाडांचे, दाट वलयांचे असते. आजचे लागवडीचे पाइन झपाट्याने वाढते आणि त्यात सालीजवळचा, लवकर कुजणारा भाग जास्त येतो. म्हणून गाभ्याचे लाकूड मागावे, किंवा ॲसिटिलेशन प्रक्रिया केलेले पाइन परवडत असेल तर तेच घ्यावे, कारण ते पाणी फार कमी शोषते आणि त्यामुळे फुगतही कमी. पैसे कमी पडत असतील तर महाग लाकूड फक्त खालच्या पट्टीसाठी वापरावे.

लाकडापेक्षाही रंग महत्त्वाचा, असे माझे मत आहे. तावदानाच्या सर्व कडांना, विशेषतः आडव्या कापलेल्या तोंडांना, बसवण्यापूर्वीच अस्तर लावायला हवे. काच जवसाच्या तेलाच्या लांबीने (पुटीने) बसवली असेल तर लांबीवर साय धरायला काही आठवडे द्यावेत, आणि शेवटचा रंग काचेवर एक-दोन मिलिमीटर चढवावा, म्हणजे लांबी आणि काच यांच्यामधली शिवण बंद होते. ही एवढीशी रेघ ‘नीटनेटकेपणासाठी’ पात्याने खरवडून काढणारे रंगारी मी पाहिले आहेत, आणि दोन वर्षांत कुजलेली त्यांची कामेही पाहिली आहेत!

जुने_घर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टोचा घेऊन सगळ्या खिडक्या तपासल्या: चौकटी अकराही शाबूत आहेत, फक्त एका उंबऱ्याचा कोपरा मऊ लागला. दोन चौकटींच्या कर्णांत नऊ मिलिमीटरचा फरक आहे, बाकीच्या बऱ्या आहेत. म्हणजे चार खिडक्यांची तावदानेच करायची, हे ठरले. दुहेरी काचेचा प्रश्न तेवढा उरला. आमच्या एका तावदानात सुमारे 80 सेंटिमीटर रुंद आणि 70 सेंटिमीटर उंच काच बसते.

उत्तर (रंधा)

मग हिशेब सोपा आहे. काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो धरतात. आपली काच 0.56 चौरस मीटर, म्हणजे 3 मिलिमीटर जाडीची एकेरी काच 4.2 किलोची, आणि 4 मिलिमीटरच्या दोन काचांची जोडी 11.2 किलोची होईल. लाकडाचे चारेक किलो धरले तर तावदान आठ किलोंवरून पंधरा किलोंच्या वर जाते, आणि दोन बाजूंच्या वजनांनी मिळून तेवढा भार तोलायचा असतो. बिडाऐवजी शिशाचे वजन घातले तर त्याच आकारात जेमतेम दीडपट भार मावतो. तोही पुरणार नाही, आणि वजन लांब केले तर खालचे तावदान पूर्ण वर जाण्याआधीच ते पोकळीच्या तळाला टेकते. शिवाय दुहेरी काचेला खोल खाच लागते, म्हणजे पट्ट्या जाड होतात आणि जुन्या खिडकीचा नाजूकपणा जातो.

आपल्या जागी मी एकेरी काच ठेवून फटींना ब्रशपट्ट्या लावीन, कारण जुन्या खिडकीजवळ बोचणारी थंडी बरीचशी फटींतून येणाऱ्या वाऱ्याची असते. तरीही थंडी वाटलीच, तर आतल्या बाजूने काढ-घाल करता येणारी दुसरी काच बसवावी. ती दुहेरी काचेच्या तावदानापेक्षा स्वस्त पडते आणि बाहेरून खिडकीचे रूप बदलत नाही.

नवी तावदाने आल्यावर ती काचेसकट तराजूवर तोला आणि मगच वजने ठरवा. वरच्या तावदानाची वजने त्याच्यापेक्षा किंचित जड ठेवावीत, म्हणजे ते खाली घसरत नाही, आणि खालच्याची किंचित हलकी, म्हणजे ते बंद राहते. नऊ मिलिमीटर तिरक्या असलेल्या त्या दोन चौकटींची तावदाने मात्र सुताराकडून जागेवर बसवून घ्या.

जुने_घर

त्यांतली एक चौकट त्या चारांपैकीच आहे, म्हणून पहिली तीच करायला देतो.