प्रत्येक खांबावर हवेचा सेन्सर: उपयोग की देखावा?

आकडेमोड (धागालेखक)
शहरात जागोजागी स्वस्त सेन्सर लावा, हवेचे आकडे मोबाइलवर दाखवा, तेच वाहतुकीच्या सिग्नलला जोडा, की प्रदूषण आटोक्यात येईल, असं हल्ली बरेच जण हिरीरीने मांडतात. मला हा उत्साह पटत नाही.

सेन्सर म्हणजे एक डबी. तिच्यात एक छोटा पंखा हवा आत ओढतो. हवा लेझरच्या झोतातून जाते, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजला जातो आणि त्यावरून पीएम २.५, म्हणजे हवेतली अतिसूक्ष्म धूळ, किती असेल याचा अंदाज बांधला जातो. वजन कुठेच होत नाही. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि डबीला तेवढी जास्त धूळ दिसते. हवा मोजणाऱ्या अधिकृत केंद्रातलं यंत्र हवा आधी तापवून कोरडी करतं, मग पट्टीवर साचलेल्या धुळीतून बीटा किरण सोडून वजन काढतं. अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) २०२० साली वणव्याच्या धुराच्या नकाशावर लोकांनी घरी लावलेले सेन्सर घेतले, तेसुद्धा आर्द्रतेची दुरुस्ती करूनच. कच्चा आकडा साधारण निम्म्यावर आणावा लागला होता!

शिवाय हवेत काय आहे ते सेन्सर सांगतो, ते कुठून आलं हे सांगत नाही. हिवाळ्यात वारा पडला की गाड्या तेवढ्याच असूनही आकडा चढतो. आता दोष सिग्नलला द्यायचा की थंडीला?

पायवाट
अधिकृत केंद्र अचूक असतं हे कबूल, पण ते असतं कुठे? युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशांप्रमाणे रस्त्यालगतचं केंद्र मोठ्या चौकापासून किमान २५ मीटर दूर हवं आणि हवा ओढणारी नळी साधारण दीड ते चार मीटर उंचीवर. बाबागाडीतलं मूल एक मीटरच्याही खाली बसतं, आणि नेमकं चौकातच, सायलेन्सरच्या उंचीवर थांबतं. गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू तर रस्त्यापासून शे-दोनशे मीटरवर बराच उतरतो. काही किलोमीटरांवरच्या केंद्राला शाळेच्या फाटकासमोरचं काय कळणार?

आणि मला अचूक आकडा नकोच आहे. एकाच गल्लीतल्या दोन डब्या दमट हवेने सारख्याच चुकणार. एक फाटकाशी, एक मागच्या अंगणात. सकाळी शाळा भरताना दोघींत जी तफावत पडते, ती आर्द्रतेमुळे नाही, फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांमुळे. लंडनमध्ये २०१८ पासून 'ब्रीद लंडन' या हवा मोजण्याच्या प्रकल्पाने शंभराच्या आसपास सेन्सर लावले, ते काय शोभेला?

आकडेमोड
@पायवाट, सारख्याच चुकतील हे पहिले काही महिने. पुढे एकीच्या लेझरवर धूळ बसते, दुसरीचा पंखा मंदावतो. नायट्रोजन डायऑक्साइडचे स्वस्त सेन्सर तर रासायनिक घटावर चालतात. ते एक-दोन वर्षांत थकतात, तापमानाने आणि ओझोननेही बिचकतात. तुमची तफावत त्या दिवशी गाड्यांची असेल किंवा म्हाताऱ्या घटाची. लंडनमधल्यांनी आकडे अधिकृत केंद्रांतल्या अचूक यंत्रांशी ताडून पाहण्यावर बराच घाम गाळला. आपल्या चर्चांत कौतुक होतं ते फक्त डब्यांच्या संख्येचं.

हिरवा दिवा
सिग्नलच्या कामात असल्यामुळे थोडं रस्त्याकडे वळवतो. गाड्या मोजण्याचं तंत्र हवेच्या मोजणीपेक्षा कितीतरी मुरलेलं आहे. डांबराखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं, वरून गाडीचं धातू गेलं की त्याचं इंडक्टन्स (वेटोळ्याचा एक विद्युत गुणधर्म) बदलतं आणि नोंद होते. सिडनीची स्कॅट्स, ब्रिटनची स्कूट या सिग्नल चालवणाऱ्या प्रणाली १९७० च्या दशकातल्या. तेव्हापासून सिग्नल आपली वेळ रहदारीप्रमाणे बदलतायत.

पण एक गोम आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. वेटोळं गाड्या मोजतं. साठ माणसांची बस म्हणजे एक गाडी, एकट्याची मोटार म्हणजेही एक गाडी. बटण दाबून उभा असलेला पादचारी तर या हिशेबात जवळपास नसतोच. 'रहदारी सुरळीत करा' एवढंच सांगितलं, तर प्रणाली इमानदारीत हिरवा दिवा लांबवते आणि पायी चालणारा कडेला धूर खात बसतो. सरासरी वेग वाढल्याचा आलेख मात्र झकास येतो! तेव्हा सेन्सर कोणता, याआधी तो कोणासाठी मोजतोय ते विचारा.

नको ती माहिती
नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आणि फोनचे ब्लूटूथ संकेत टिपणारी यंत्रंही याच यादीत येतात हे विसरू नका. कोण कधी कुठून गेलं याची नोंद किती दिवस ठेवणार, आणि कोणाला देणार? हवेच्या नावाखाली हे खपवलं जातं.

थेट बोला
किती काथ्याकूट! मोटारींनी हवा बिघडते हे कळायला खांबावर डबी लागत नाही. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने शहराच्या मध्यभागी शिरायला शुल्क लावून पाहिलं, हद्दीवरची रहदारी सुमारे २० टक्के घटली. २००७ पासून ते कायमचं केलं. हिंमत होती म्हणून झालं.

पायवाट
@थेट बोला, २० टक्के हा आकडा आला कुठून? आधी आणि नंतर गाड्या मोजल्या म्हणूनच ना. त्या सात महिन्यांनंतर शुल्कावर सार्वमत झालं, तेव्हा लोकांपुढे ठेवायला काहीतरी होतं.

आकडेमोड
@पायवाट, मग माझी अट तेवढीच आहे. डबी लावण्याआधी लिहून जाहीर करा: कितीच्या वर आकडा गेला की फाटकासमोर गाडी थांबवायला बंदी, आणि दर किती महिन्यांनी डबी अधिकृत केंद्राशेजारी ठेवून तपासणार. हे कागदावर नसेल तर माझं मत विरोधात.

पायवाट
तपासणी मान्य. बंदीची पातळी मात्र आधी ठरवायला बसलात तर पाच वर्षं बैठकाच होतील, आणि तोवर त्या शाळेतली एक अख्खी तुकडी बाहेर पडलेली असेल. आधी चार डब्या लावा, सहा महिन्यांचे आकडे पालकांच्या हाती द्या. पातळी ठरवायला मग तेच तुमच्या दारात येतील.

हिरवा दिवा
चारातली एक त्या पादचारी बटणाच्या खांबावर लावा, एवढीच विनंती.